पंचवीस मिनिटं मॅडमची, मग माणशी चार

सरकारी दवाखान्यातल्या डोळ्यांच्या विभागासमोर एक लांबलचक व्हरांडा आहे. तो पुसायचं काम गेली एकोणीस वर्षं एकाच बाईकडे आहे. हजेरीपटावर तिचं नाव काहीही असेल, व्हरांड्यात मात्र लहानथोर सगळे तिला घड्याळमावशी म्हणतात. तिच्या मनगटावर घड्याळ नाही. होतं ते फिनाईलच्या बादलीत पडून बंद पडलं, आणि व्हरांड्याच्या भिंतीवर एवढं मोठं घड्याळ सरकारने फुकट टांगलेलं असताना दुसरं घ्यायचं कशाला, असा तिचा सवाल आहे.

हे नाव तिला मिळालं ते निव्वळ स्वार्थातून, आणि ती ते लपवत नाही. फरशी पुसायची तर फरशी दिसली पाहिजे. इथे सकाळी आठपासून नुसते पाय. बाकावर बसलेल्यांचे, भिंतीला टेकलेल्यांचे, पायरीवर पसरलेल्यांचे. "पाय वर घ्या" म्हणून म्हणून तिचा घसा बसायचा. शेवटी एकदा ती चिडली आणि तिने ठरवलं, ही माणसं इथून हलतात कधी, हे आपण नीट बघायचं. महिनाभर तिने फडकं मारता मारता घड्याळ आणि नंबरांची पाटी यांच्यावर नजर ठेवली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की दवाखान्यात सगळं बेभरवशाचं असलं तरी ही रांग तशी नाही. डॉक्टरीणबाई नऊला येतात, पण वॉर्डात फेरी मारून खुर्चीवर टेकायला नऊ पंचवीस होतात. पहिला नंबर तेव्हा आत जातो. त्यानंतर दर चार मिनिटांनी टेबलावरची बेल वाजते आणि पुढचा माणूस आत जातो. कोणी बडबड्या दोन मिनिटं जास्त खातो, कोणी मुखदुर्बळ दोन मिनिटं वाचवतो, आणि दहा माणसांमागे हिशेब पुन्हा चाळीस मिनिटांवर येऊन बसतो.

मग ती माणसांना सांगायला लागली. तुझ्यापुढे किती? वीस? पंचवीस मिनिटं मॅडमची, मग माणशी चार, म्हणजे ऐंशी. एकशे पाच मिनिटं. पावणेअकराला ये, तोवर इथे पाय पसरून बसू नकोस. माणूस आधी हसायचा, मग जाऊन यायचा, आणि पावणेअकराला त्याचा नंबर पाटीवर लागलेला बघून तोंडात बोट घालायचा. बायका आपली कामं उरकून यायला लागल्या, कामगार अर्धा दिवस भरून यायला लागले. आणि मावशीला फरशी दिसायला लागली.

या सगळ्याला समीकरण म्हणतात, हे तिला सुनेने सांगितलं. सून शाळेत सातवीला गणित शिकवते. सासूचं आणि तिचं मीठ किती घालावं यावरून रोज वाजतं, पण एका रविवारी तिने सासूला समोर बसवलं आणि जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं. आडव्या रेघेवर पुढे किती माणसं ते मांडलं, उभ्या रेघेवर नऊनंतर किती मिनिटं ते, आणि मावशीने मंगळवारी टिपून आणलेले आकडे निळ्या पेनाने ठिपके देऊन भरले. शून्याला पंचवीस, दहाला पासष्ट, वीसला एकशे पाच, तीसला एकशे पंचेचाळीस. पट्टी लावली तर सगळे ठिपके एका रेषेत.

"क्ष म्हणजे पुढची माणसं," सून म्हणाली. "चार क्ष अधिक पंचवीस."

"मग माणसं म्हण की सरळ. क्ष कशाला? क्ष आला तेव्हाच मी शाळा सोडली."

"आई, सोडली कुठे? एकोणीस वर्षं तेच करताय."

त्या रात्री भाजीत मीठ कमी होतं तरी मावशीने चकार शब्द काढला नाही. सुनेने ते पान वर्गात नेलं, मुलांना दाखवलं, आणि परत आणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

तर अशी ही बाई. नाकावर माशी बसू न देणारी. तिचा शब्द व्हरांड्यात चालायचा आणि तिला ते माहीत होतं. मोठ्या साहेबांच्या सहीची सूचना भिंतीवर फाटून लोंबत असायची, ती कोणी वाचत नसे. मावशीने सांगितलेली वेळ मात्र माणसं हातावर लिहून घ्यायची.

तो शब्द खोटा पडला तो इस्त्रीवाल्या काकांच्या बाबतीत.

इस्त्रीवाले काका म्हणजे दवाखान्यामागच्या गल्लीत लाकडी टेबलावर चाळीस वर्षं कपडे इस्त्री करणारा, कमी बोलणारा माणूस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेले. उजव्या हाताचा अंगठा दोनदा भाजला होता, आणि एका शाळामास्तरांच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर तपकिरी झाल्यापासून गिऱ्हाईक कपडे देताना आधी त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं. ऑपरेशनची तारीख फक्त मंगळवारी मिळते, कारण मोठ्या डॉक्टरीणबाई मंगळवारीच बसतात आणि साडेबाराच्या ठोक्याला ऑपरेशनला निघून जातात. काकांना मावशीने छातीठोकपणे सांगितलं, टोकन एक्केचाळीस, पुढे चाळीस माणसं, बारा वाजून पाच मिनिटांनी या. तोवर चार कपडे होतील.

काका बाराला पाच कमी असतानाच आले. बारा पाचला पाटीवर अठ्ठावीस होते. साडेबाराला एकतीस. मग आतली खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मॅडम निघून गेल्या. टोकनं दिली होती पंचेचाळीस. चौदा माणसं हातातल्या पुठ्ठ्याच्या चकत्या घेऊन उभी.

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोकन टेबलावर ठेवलं आणि ते म्हणाले, "मावशी, सकाळपासून बसलो असतो तरी हेच झालं असतं. पण मग मी स्वतःला शिव्या दिल्या असत्या."

टोकनाच्या टेबलावर एक कारकून बसतात, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. टोकन देणं, पाटी बदलणं आणि बेल वाजली की माणूस आत सोडणं ही त्यांची कामं. त्यांनी पाटी काढता काढता टोमणा मारला, की घड्याळमावशींना आता चावी द्यायला पाहिजे. चौदातले तिघे-चौघे हसले. मावशीची कानशिलं तापली. ती फणकाऱ्याने म्हणाली की हिशेब बरोबर आहे, मॅडमच हल्ली उशिरा बसतात. भाऊसाहेबांनी लगेच मान डोलावली. हो ना, मॅडम दमतात हल्ली. इतक्या पटकन कोणी आपल्याशी सहमत झालं की समजावं काहीतरी शिजतंय, पण रागावलेल्या माणसाला तेवढं सुचत नाही. तेव्हापासून ती येईल त्याला तेच सांगत सुटली.

घरी सुनेने सगळं ऐकून घेतलं आणि कपाटाच्या दारावरचं पान काढलं. ती म्हणाली की मॅडम उशिरा बसतात का, हे बोलून ठरणार नाही, पुढच्या मंगळवारी आकडे आणा. सासूला वाटलं, ही मला शिकवते. पण आकडे आणायचे तिने ठरवलं.

पुढच्या मंगळवारी इस्त्रीवाले काका आलेच नाहीत. ते मावशीला दुखलं, पण तिने लक्ष घड्याळावर ठेवलं. पहिला नंबर नऊ पंचवीसला आत गेला. म्हणजे मॅडम वेळेवर. अकरावा नंबर दहा पंचवीसला. एकविसावा सव्वाअकरालाही नाही, अकरा पंचवीसला. एकतिसावा बारा पंचवीसला, आणि संपलं. संध्याकाळी तिने हे आकडे लाल पेनाने त्याच पानावर भरले, या वेळी पट्टी स्वतः लावली.

लाल ठिपकेसुद्धा एका रेषेत होते. दोन्ही रेषा एकाच जागेवरून निघत होत्या, पंचविसावरून, आणि मग लाल रेषा निळीला सोडून वर चढत गेली होती.

सून म्हणाली, मॅडम उशिरा बसल्या असत्या तर लाल रेषा सुरुवातीपासूनच वर असती आणि निळीच्या शेजारून रुळासारखी गेली असती. इथे सुरुवात तीच आहे. बदललाय तो चढ. आधी माणशी चार मिनिटं होती, आता सहा आहेत. पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत, सारखी सहा.

"म्हणजे मॅडम माणसाला जास्त वेळ तपासतात?"

"ते आतलं मला काय माहीत, आई. रेषा एवढंच सांगते की बाकावरचा माणूस सहा मिनिटांनी हलतो."

आठवडाभर आपण एका भल्या बाईच्या नावाने खडे फोडले, हे मावशीला कळून चुकलं होतं. चूक कबूल करायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती उठली आणि उगाच भांडी घासायला लागली. घासता घासता तिला बेल आठवली. बेल मॅडम स्वतः दाबतात. बेलला ना टोकन, ना पाटी, ना भाऊसाहेब.

तिसऱ्या मंगळवारी तिने बादली दाराजवळ आणून ठेवली आणि बेल वाजली की खिशातल्या कागदावर पेन्सिलीची एक रेघ मारायची असं सुरू केलं. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झालं. बेल पूर्वीसारखीच दर चार मिनिटांनी वाजत होती. मॅडमचा हात तोच, वेग तोच. पण पहिल्या दोन बेलांना बाकावरचा एकेक माणूस उठायचा, आणि तिसऱ्यांदा वाजली की भाऊसाहेब पाटीला हातच लावायचे नाहीत. कागदावर तीस रेघा झाल्या तेव्हा पाटीवर वीस होते. मग उरलेले दहा जण आत गेले कुठून?

हे विचारताना तिला उत्तर माहीत होतं. तपासणीच्या खोलीला मागून दुसरं दार आहे, ते ड्रेसिंगच्या खोलीत उघडतं. स्टाफची माणसं तिथून जातात. कोणाची आई, कोणाचा मेहुणा, कोणाची शेजारीण. टोकन नाही, रांग नाही. हे तिला एकोणीस वर्षं माहीत होतं, पण त्यांना मोजावं असं कधी तिच्या डोक्यात आलं नव्हतं. घरातली माणसं पाहुण्यांत कोण धरतं? पूर्वी दिवसाला एखाददुसरं असायचं, ते चार मिनिटांच्या मागेपुढे खपून जायचं. तीन आठवड्यांपूर्वी दवाखान्याची दुसरी इमारत दुरुस्तीला काढली, तिथला सगळा स्टाफ इकडे आला, आणि मोठ्या मॅडमच्या हाताला गुण आहे ही बातमी त्यांच्या घराघरांत पोचली.

तिने ड्रेसिंगच्या खोलीचं दार ढकललं. आत बाकावर पाच जणं ओळीने बसली होती. चौथी होती तिची धाकटी जाऊ.

"या ताई," जाऊ म्हणाली आणि सरकून जागा केली. "तुम्ही त्या दिवशी सांगितलंत तशी आले, मागून. ही दुसरी खेप. किती बरं पडतं ना?"

तो दिवस कोणता, हे मावशीला आठवायला लागलं नाही. दोन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार. बाहेर काकांना बारा पाचची वेळ देऊन ती आत आली होती आणि जावेला म्हणाली होती, माझं नाव सांग, सोडतील. काकांना परत पाठवणाऱ्यांत आपणही होतो. एका माणसापुरत्या, चार मिनिटांपुरत्या, पण होतो.

बाहेर येऊन तिने भाऊसाहेबांना विचारलं. त्यांनी आवाजही खाली केला नाही. "आपलीच माणसं आहेत, मावशी. तुमची जाऊ आत बसलीय ती काय हवा खायला?" या वाक्यावर दवाखान्यातली शंभर तोंडं आजवर गप्प झाली असतील. मावशीचंही झालं असतं, पण तेवढ्यात बेल वाजली आणि तिने रेघ मारली. शेवटच्या बेलपर्यंत ती रेघा मारत राहिली, मग तिने हात पुसले आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

साडेबाराला मॅडम बाहेर आल्या तेव्हा ती वाटेत उभी होती. तिने घरून आणलेलं कॅलेंडरचं पान पुढे केलं. मॅडमना वाटलं कोणाचा तरी अर्ज आहे. दवाखान्यात अर्ज फार येतात, वह्याच्या वह्या भरतात, आणि प्रत्येक अर्जाला "चौकशी करू" हे उत्तर तयार असतं. सरळ रेषेला मात्र असलं उत्तर देता येत नाही. मॅडम चालता चालता थांबल्या, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, ही निळी कधीची आणि लाल कधीची. मावशीने सांगितलं. बेलांचा कागद दाखवला. शेहेचाळीस बेला, पाटीवर एकतीस, बाकी पंधरा.

"मला वाटायचं सगळे बाहेरून येतात," मॅडम म्हणाल्या. "मी फक्त केसपेपर बघते. यांत तुमचं कोणी आहे?"

"आहे. माझी जाऊ. पंधरांत तिला धरलंय मी."

मॅडमनी तिच्याकडे नीट बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. मागचं दार बंद करू का, असं त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, कडी लावा, पण स्टाफच्या माणसांना नको म्हणू नका. त्यांनाही डोळे आहेत. फक्त टेबलावर टोकन घेऊ दे, बाकावर बसू दे. आणि मॅडम उशिरा बसतात असं मी आठवडाभर सांगत होते, ते चूक होतं. हे शेवटचं वाक्य ती इतक्या रागाने बोलली की मॅडमना क्षणभर कळेना, ही माफी मागतेय की भांडतेय.

त्याच दिवशी मागच्या दाराला आतून कडी बसली. भाऊसाहेबांनी मावशीशी बोलणं सोडलं, त्यामुळे तिची रोजची पंधरा मिनिटं वाचली. जावेने मात्र घरी येऊन तोंडाचा पट्टा सोडला. बाहेरच्यांसाठी घरच्यांना उन्हात बसवणारी बाई, वगैरे वगैरे. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की व्हरांड्यात ऊन नसतं.

सगळ्यात अवघड काम पुढेच होतं. सुट्टी झाल्यावर ती मागच्या गल्लीत गेली. काका चादर इस्त्री करत होते, कडा बोटांनी चाचपून. तिने सांगितलं की पुढच्या मंगळवारी या, आता बरोबर होईल. काय झालं होतं तेही सांगितलं, जावेसकट. काकांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"येतो," ते म्हणाले. "पण मी नऊपासून बसणार. तुमच्या हिशेबावर नाही."

हे तिला झोंबलं. तरी ती बरं म्हणाली.

मंगळवारी काकांना एकतीस नंबरचं टोकन मिळालं. पुढे तीस. मावशीने न विचारता सांगितलं, अकरा पंचवीस. काका बाकाच्या टोकाला जाऊन बसले आणि खरोखरच उठले नाहीत. घड्याळ त्यांना दिसत नव्हतं, म्हणून दर थोड्या वेळाने शेजारणीला किती वाजले ते विचारत राहिले. ती शेजारीण मावशीची धाकटी जाऊ होती, टोकन बत्तीस, गाल फुगवून बसलेली. पहिल्यांदा तिने तुटकपणे वेळ सांगितली. दहा वाजेपर्यंत ती त्यांना पाटीवरचा नंबरही सांगायला लागली होती, आणि अकराच्या सुमारास दोघं मिळून मोतीबिंदूवर बोलत होती. मावशी त्यांच्या पायांभोवतून फडकं फिरवत होती आणि पाय वर घ्या असं म्हणत नव्हती. एकोणीस वर्षांत तिने इतक्या वेळा घड्याळाकडे बघितलं नसेल. एक आजी आत गेल्या त्या सात मिनिटं बाहेर येईनात, आणि मावशीला त्या आजींचा मनापासून राग आला. मग त्यांच्यामागचे दोघे तीन-तीन मिनिटांत बाहेर आले.

बेल वाजली. भाऊसाहेबांनी पाटी फिरवली. एकतीस.

"किती वाजले?" काकांनी जावेला विचारलं.

"अकरा सव्वीस," जाऊ म्हणाली आणि मोठ्या जावेकडे बघून मुद्दाम पुढे म्हणाली, "एक मिनिट उशीर."

काका आत गेले आणि चार मिनिटांनी हातात कागद घेऊन आले. कागदावरची तारीख त्यांनी मावशीकडून दोनदा वाचून घेतली. ऑपरेशन अठरा दिवसांनी, आधी आणखी एक तपासणी. कागदाची चौकोनी, कडक घडी घालून तो त्यांनी वरच्या खिशात ठेवला, आणि निघता निघता थांबून, तिच्याकडे न बघता विचारलं, "मग तपासणीला किती वाजता येऊ? सकाळचे चार शर्ट करून येईन म्हणतो."

मावशीने फडकं पिळलं. पाणी काळं होतं, बादली बदलायला हवी होती.

"आधी टोकन घ्या," ती म्हणाली. "पुढे माणसं किती ते कळल्याशिवाय मी वेळ सांगत नाही."